रुग्णाच्या मनातले मोठे प्रश्न : ते ऐकायला शिकवताना गोव्यातल्या शिक्षकांना आणि विद्यार्थ्यांना पडणाऱ्या शंका

वैद्यकीय, नर्सिंग किंवा फिजिओथेरपीच्या विद्यार्थ्यांना रुग्णाच्या आध्यात्मिक आणि अस्तित्वविषयक गरजा ओळखायला शिकवायचे म्हटले की तेच तेच प्रश्न समोर येतात. काही विद्यार्थी विचारतात, काही शिक्षक. काही स्टाफरूममध्ये थट्टेच्या सुरात टाकले जातात, पण त्यामागे खरी शंका असते. त्यांची उत्तरे इथे एकत्र केली आहेत. क्रमाने वाचायलाच हवे असे नाही.

आध्यात्मिक गरज म्हणजे नेमके काय? वॉर्डात धर्म शिकवायचा आहे का?

नाही. व्याख्या पाठ करण्यापेक्षा रुग्णांची वाक्ये ऐकली की विषय लवकर कळतो. "हांवें कोणाचें कितें वायट केल्लें?" हे नुकतेच कर्करोगाचे निदान झालेल्या बाईचे वाक्य. "आता मी घरच्यांका भार झालंय" हे सिंधुदुर्गातून डायलिसिससाठी येणाऱ्या माणसाचे. पाय कापावा लागलेला ट्रकवाला विचारतो, "आता मला घरात कोण विचारणार?" आणि एखादी आजी उपचारांबद्दल चकार शब्द काढत नाही, फक्त वाटणीवरून तुटलेला भाऊ एकदा येऊन जाईल का, एवढेच विचारत राहते.

यातल्या एकाही वाक्यात देवाचे नाव नाही. तरी चारही माणसे अर्थ, अपराध, नाती आणि स्वतःची किंमत यांबद्दलच बोलत आहेत. कुणाच्या बाबतीत त्याचे उत्तर देवळात असते, कुणाच्या चर्चमध्ये, कुणाच्या नातवंडांत किंवा सुपारी-माडांच्या कुळागरात.

सिसिली सॉन्डर्स या आधी नर्स, मग रुग्णालयातल्या समाजसेविका आणि त्यानंतर डॉक्टर झालेल्या बाईंनी १९६७ साली लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे मरणाच्या वाटेवरच्या रुग्णांची सेवा करणारे घर, सुरू केले. शारीरिक, मानसिक, सामाजिक आणि आध्यात्मिक दुःखे एकमेकांत मिसळून 'संपूर्ण वेदना' तयार होते, हे त्यांनी मांडले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००२ च्या परिहार सेवेच्या, म्हणजे गंभीर आजारातला त्रास कमी करणाऱ्या पॅलिएटिव्ह केअरच्या, व्याख्येतही आध्यात्मिक त्रासाचा स्पष्ट उल्लेख आहे. तेव्हा हा कुणाच्या आवडीचा जोडविषय नाही.

पण हे काम भटजीचे, पाद्रीचे किंवा मौलवींचे नव्हे का?

पुढचे काम त्यांचे असू शकते. पहिले काम मात्र खाटेजवळ जो उभा असतो त्याचे. पहाटे तीन वाजता रुग्ण "सिस्टर, झोप येत नाही" म्हणतो तेव्हा तिथे रात्रपाळीची नर्स असते, नाहीतर रक्त घ्यायला आलेला इंटर्न.

अमेरिकेत अँटन बॉइसन यांनी १९२५ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या एका मनोरुग्णालयात धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांना रुग्णांजवळ बसवून शिकवायला सुरुवात केली आणि त्यातून रुग्णालयातल्या प्रशिक्षित धर्मसेवकांची परंपरा उभी राहिली. आपल्या सरकारी रुग्णालयांत असे पद सहसा नसते. म्हणून विद्यार्थ्याकडून चारच गोष्टींची अपेक्षा ठेवावी: विचारणे, ऐकणे, नोंदवणे आणि योग्य माणसापर्यंत पोचवणे. रुग्णाचे समाधान करणे ही पाचवी गोष्ट त्याच्यावर लादू नये. ते कुणाच्याच हातात नसते.

जाता जाता: पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी आबे फारियांचा पुतळा आहे. १७५६ साली कांदोळीत जन्मलेल्या या धर्मगुरूने पॅरिसमध्ये सांगितले की संमोहनाचे बळ प्रयोग करणाऱ्याच्या हातात नसते, ते समोरच्याच्या मनात असते. पाद्री आणि मनाचा अभ्यासक या दोन भूमिका एका माणसात एकत्र येणे गोव्याला नवे नाही.

अभ्यासक्रमात याला जागा कुठे आहे?

एमबीबीएसमध्ये २०१९ पासून क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम आला आणि त्याबरोबर 'एटकॉम' हा वृत्ती, नीती आणि संवाद यांचा भाग सक्तीचा झाला. डॉक्टर असणे म्हणजे काय, रुग्ण असणे म्हणजे काय, मृतदेह हा आपला पहिला गुरू, मृत्यूला सामोरे जाणे, असे विषय त्यात आहेत. नर्सिंगमध्ये तर 'आध्यात्मिक क्लेश' हे नर्सिंग निदान कितीतरी वर्षांपासून मान्य आहे. केअर प्लॅनमध्ये ते लिहिता येते, फक्त कुणी लिहीत नाही. युरोपात २०१६ ते २०१९ या काळात चाललेल्या 'एपिक' प्रकल्पाने नर्सिंग आणि सुईण-शिक्षणासाठी चार क्षमता ठरवल्या: स्वतःची श्रद्धा-मूल्ये ओळखणे, दुसऱ्याची ओळखणे व मानणे, गरजेची पाहणी आणि नियोजन, आणि प्रत्यक्ष सेवा व तिचे मूल्यमापन. हा आराखडा आपल्याकडे जवळजवळ तसाच वापरता येतो.

कागदावर जागा आहे, हे खरे. जेवणानंतरच्या तासाला दीडशे मुलांना एका हॉलमध्ये बसवून स्लाइड दाखवल्या की ती जागा भरली असे मानले जाते, तिथे माझा आक्षेप आहे.

पहिल्या वर्षाच्या मुलांना रुग्णच भेटत नाहीत. त्यांना काय शिकवणार?

त्यांना मृतदेह भेटतो, आणि तो अभ्यासक्रमातला सर्वांत मोठा धडा आहे. शवविच्छेदन हॉलमध्ये पहिल्या दिवशी कुणाला मळमळते, कुणी उगाच विनोद करतो, कुणी घरी जाऊन मांसाहार सोडतो. या सगळ्यावर शिक्षक बोलत नाहीत आणि मुले शिकतात की असल्या गोष्टी बोलायच्या नसतात. पुढे वॉर्डात रुग्ण मरणाबद्दल बोलू लागला की हीच मुले त्याला सलाइनबद्दल सांगू लागतात.

देहदान केलेल्याच्या घरच्यांना एकदा बोलावावे. त्यांनी हा निर्णय का घेतला, दहाव्या-बाराव्याचे काय केले, शेजारी काय म्हणाले, हे त्यांच्याच तोंडून ऐकू द्यावे. व्याख्यानाची गरज उरत नाही.

रुग्णाला विचारायचे तरी काय? "तुमची आध्यात्मिक गरज काय?" असे कसे विचारणार?

असे कधीच विचारू नये.

अमेरिकेतल्या डॉ. क्रिस्टिना पुचाल्स्की यांनी १९९६ मध्ये 'फायका' नावाची सोपी चौकट तयार केली. तिचे चार कोपरे म्हणजे श्रद्धा, तिचे महत्त्व, सोबतची माणसे आणि आपण काय करावे. इंग्रजी प्रश्नांचे शब्दशः मराठी करून विचारले तर रुग्णाला जनगणनेचा माणूस आल्यासारखे वाटते. आपल्याकडे ते साधारण असे विचारता येतात:

"अशा दिवसांत तुम्हाला आधार कशाचा वाटतो?" इथे थांबायचे. लगेच "देवाचा?" असे पुरवायचे नाही, कारण ते म्हटले की रुग्ण हो म्हणून मोकळा होतो.

"औषधपाण्याचे ठरवताना त्याचा विचार मनात येतो का?" रक्त घेणे, गर्भाशय काढणे, पाय कापणे, उपास, शाकाहार यांबद्दलच्या अडचणी बहुधा इथे कळतात.

"तुमची म्हणावी अशी माणसे कोण?" उत्तरात नवरा किंवा मुलगा येईलच असे नाही. भजनी मंडळ, वाड्यावरची शेजारीण, चर्चमधल्या कोंफ्रारियाचे लोक, मशिदीतला मित्र, नाटकातले सोबती, कुणीही येईल.

"यात आम्ही काही करावे असे वाटते का?" याला बहुतेक वेळा छोटे उत्तर मिळते. खाट खिडकीकडे हवी. जपमाळ उशाखाली राहू द्या. संध्याकाळच्या दिव्याच्या वेळी घरी फोन लावून द्या.

चार प्रश्नही जड वाटत असतील तर कॅनडाचे मनोविकारतज्ज्ञ हार्वी चोचिनॉव यांचा एकच प्रश्न शिकवावा. मराठीत तो असा होईल: "तुमची नीट काळजी घ्यायची तर माणूस म्हणून तुमच्याबद्दल मला काय माहीत असायला हवे?" कोकणी बोलणाऱ्याला तो कोकणीतच विचारावा. बांबोळीला, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, पेडणे-डिचोली-सत्तरीचा, सासष्टीचा आणि सावंतवाडी-कुडाळचा रुग्ण एकाच वॉर्डात असतो. दुखणे प्रत्येक जण आपापल्या बोलीत सांगतो. ज्या विद्यार्थ्याला ती बोली येत नाही त्याने बोली येणाऱ्या सिस्टरला सोबत घ्यावे. रुग्णाच्या मुलाला दुभाषा करू नये, कारण अनेक गोष्टी मुलासमोरच बोलायच्या नसतात.

ओपीडीत श्वास घ्यायला वेळ नसतो. हे कधी करायचे?

खोकल्याच्या रुग्णाला हे विचारायचेच नाही. गंभीर निदान, डायलिसिसची सुरुवात, अवयव काढण्याची शस्त्रक्रिया, आयसीयू, मृत मूल जन्मणे, पुन्हा उलटलेला कर्करोग, अशा वेळी विचारायचे. आणि स्टूल ओढून बसायचे. बसल्याने मिनिटे फारशी वाढत नाहीत, पण रुग्णाला घाई जाणवत नाही.

रुग्ण म्हणतो, दृष्ट लागली, देवचाराचा कोप झाला, पूर्वजन्मीचे भोग आहेत. विद्यार्थ्याने काय बोलायचे?

गोव्यात हा प्रश्न टाळता येत नाही, आणि याच ठिकाणी विद्यार्थी दोन टोकांना जातात. एक जण हसतो किंवा अंधश्रद्धेवर भाषण देतो. दुसरा मान डोलावत "असेल, असेल" म्हणतो. पहिल्याने रुग्ण बोलायचा थांबतो. दुसऱ्याने डॉक्टरनेच शिक्कामोर्तब केल्यासारखे होते.

मधली वाट प्रश्नाची आहे. "तुम्हाला असे कशावरून वाटते? त्यासाठी काय केलेत? अजून काय करायचे मनात आहे?" या तीन प्रश्नांतून कळते की कुळदेवाकडे कौल लावून झाला आहे का, नवस कशाचा आहे, गाराणे कधी घालायचे आहे, कुणी काही पाला खायला दिला आहे का. शेवटची गोष्ट यकृताच्या आणि मूत्रपिंडाच्या रुग्णात जीवावर बेतू शकते, म्हणून ती कळणे औषधाच्या यादीइतकेच महत्त्वाचे.

वर्गात चर्चेला देण्यासारखे एक उदाहरण घ्या. मधुमेहाने तळव्यांची संवेदना गेलेला माणूस शिरगावच्या लइराई देवीचा धोंड, म्हणजे व्रत धरणारा भक्त, आहे. जत्रेला व्रत धरून होमकुंडातल्या निखाऱ्यांवरून जायचे, ही त्याच्या घरची पिढ्यांची रीत. डॉक्टर म्हणतात, अजिबात नाही. तो मान हलवतो आणि जत्रेला जातो, जखम घेऊन परत येतो, तेही उशिरा, कारण आता सांगायची लाज. विद्यार्थ्यांना विचारावे, संवाद कुठे तुटला? बहुतेक जण सांगतात, रुग्णाने ऐकले नाही. मग दुसरा प्रश्न टाकावा: त्याला धोंड असण्याचा अर्थ काय आहे, हे कुणी विचारले? व्रत, तळीतली आंघोळ, हातातला वेत, धोंडांची सोबत यांतले किती त्याला राखता येईल? घरातला धाकटा भाऊ निखाऱ्यांवरून जाईल का? हे देवस्थानातल्या जाणत्या माणसाशी बोलून ठरवता येईल का? पायाची तपासणी जत्रेआधीच्या आठवड्यात ठेवता येईल का? बधिर तळव्याने निखाऱ्यावर जाण्याचा धोका स्पष्ट शब्दांत सांगायचाच, त्यात गुळमुळीतपणा नको. पण व्रताचे मोल मान्य केल्यावर सांगितलेला धोका माणूस ऐकतो.

उपासाचेही तसेच. एकादशी, रमजान, लेंटचे शुक्रवार. इस्लाममध्ये आजाऱ्याला रोज्यातून सूट आहे, कॅथलिक चर्चही आजाऱ्यावर उपासाची सक्ती करत नाही. हे रुग्णाला अनेकदा डॉक्टरपेक्षा त्याच्या धर्मगुरूने सांगितलेले पटते. तेव्हा फोन त्यांना करावा.

हे नैराश्य असेल तर? की नुसते दुखत असेल?

आधी दुखणे थांबवा. कण्हणाऱ्या माणसाशी जीवनाच्या अर्थावर बोलणे ही क्रूर चेष्टा आहे. वेदना, मळमळ, बद्धकोष्ठ, धाप, झोप यांचा बंदोबस्त झाल्यावर "मला मरण का येत नाही" हे वाक्य पुष्कळदा आपोआप थांबते. मॉर्फिन मिळण्यातल्या कायद्याच्या अडचणी १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यात २०१४ मध्ये झालेल्या दुरुस्तीने कमी झाल्या आहेत. मनातली भीती मात्र डॉक्टरांच्याही डोक्यातून गेलेली नाही. आध्यात्मिक सेवेच्या वर्गात मी मॉर्फिनचे नाव पहिल्या तासालाच घेतो, मुलांना आश्चर्य वाटले तरी.

नंतर नैराश्य आणि भ्रम यांचा विचार. सगळ्याच गोष्टींतला रस गेला आहे, अपराधभाव कुठेही थांबत नाही, स्वतःला संपवण्याची भाषा आहे, असे असेल तर ते अस्तित्वाचे प्रश्न म्हणून सोडून देऊ नये. "जीव द्यावासा वाटतो का?" हे सरळ विचारावे. विचारल्याने कल्पना डोक्यात शिरत नाही. उत्तर हो असेल तर रुग्णाला एकटे न सोडता वरिष्ठांना आणि मनोविकार विभागाला त्याच वेळी कळवावे. बांबोळीच्या परिसरातच मनोविकार व मानवी वर्तन संस्था आहे. तिथे पाठवणे म्हणजे रुग्णाला वेडा ठरवणे नव्हे, हे घरच्यांना समजावण्याचा सरावही विद्यार्थ्यांना हवा.

दोन्ही एकाच माणसात असू शकतात. गोळीने नैराश्य उतरते, भावाशी तुटलेले बोलणे गोळीने जुळत नाही.

रुग्णाने "मी मरणार का?" असे विचारले आणि घरच्यांनी सांगायचे नाही म्हणून बजावलेले असेल तर?

विद्यार्थ्याने निदान किंवा उरलेला काळ स्वतःहून सांगू नये. तो अधिकार उपचार करणाऱ्या डॉक्टरचा. पण खोटेही बोलू नये. "छे, काहीतरीच काय, तुम्ही ठणठणीत होणार" हे वाक्य वर्गात बंदच करावे. त्याऐवजी: "हा प्रश्न आज का मनात आला?" आणि मग गप्प राहणे. पुढे "तुमच्या डॉक्टरांशी याबद्दल बोलायचे आहे का? मी त्यांना सांगतो." आणि खरेच सांगणे.

वाईट बातमी सांगण्याची 'स्पाइक्स' ही सहा पायऱ्यांची पद्धत २००० साली प्रसिद्ध झाली. जागा नीट करणे, रुग्णाला काय ठाऊक आहे ते पाहणे, किती जाणून घ्यायचे ते विचारणे, सांगणे, भावना ओळखणे, पुढचा बेत. तिसरी पायरी आपल्याकडे घरचे लोक परस्पर ओलांडतात. त्यांच्यावर चिडून उपयोग नाही, ते मायेपोटीच करतात. त्यांना विचारावे, "त्यांना काहीच कळलेले नाही असे तुम्हाला वाटते का?" बहुधा उत्तर येते की कळले असावे. आई मुलांसाठी लपवते, मुले आईसाठी, आणि घरात सगळे एकमेकांपासून लांब होतात.

माझा देवावर विश्वास नाही. मला हे जमेल?

जमेल, कधीकधी जास्त चांगले, कारण तुम्ही उत्तर द्यायची घाई करणार नाही. मरण, स्वातंत्र्य, एकटेपणा आणि अर्थहीनता या चार गोष्टींना प्रत्येक माणसाला तोंड द्यावे लागते, असे अर्विन यालोम या मनोविकारतज्ज्ञांनी मांडले. त्यात श्रद्धेची अट नाही. छळछावणीतून वाचलेल्या व्हिक्टर फ्रँकल यांनी अर्थाच्या शोधावर उपचारपद्धती उभी केली. पुढे न्यू यॉर्कमध्ये विल्यम ब्राइटबार्ट यांनी त्या आधारावर कर्करोगाच्या रुग्णांसाठी अर्थकेंद्रित मानसोपचार आखला. नास्तिक रुग्णालाही हे प्रश्न पडतात. त्याला कुणी विचारत नाही, एवढाच फरक.

रुग्ण म्हणाला, माझ्यासोबत प्रार्थना करा. करावी?

त्याने म्हटले असेल आणि तुम्हाला अवघड वाटत नसेल तर शांत उभे राहावे, हवे तर हात धरावा. अवघड वाटत असेल तर "तुम्ही म्हणा, मी इथेच आहे" एवढे पुरते. आपण होऊन सुचवू मात्र नये. पुस्तिका, अंगारा, पदक, ताईत, सत्संगाचे निमंत्रण, यातले काहीही विद्यार्थ्याच्या खिशातून निघता कामा नये. खाटेवर पडलेला माणूस पांढऱ्या कोटाला नाही म्हणू शकत नाही. २०११ च्या जनगणनेनुसार गोव्यात सुमारे ६६ टक्के हिंदू, २५ टक्के ख्रिस्ती आणि ८ टक्के मुसलमान आहेत. इथे या बाबतीतली एक चूक सगळ्या उपक्रमाचा विश्वास घालवते.

नावावरून धर्म ओळखून त्याप्रमाणे वागले तर चालेल?

नाही. जुन्या गोव्याला सायबाच्या, म्हणजे सेंट फ्रान्सिस झेवियरच्या, पायाशी आणि पिलारला आग्नेल पाद्रींच्या समाधीशी हिंदू दिसतात, म्हापशाच्या मिलाग्रीस सायबिणीला तेल वाहणाऱ्यांतही. आडनावावरून काहीही ठरवू नये. विचारावे.

घरी कुणीच नसलेल्या वृद्धांचे काय?

सासष्टीत आणि बार्देशात अशी घरे पुष्कळ आहेत. मुलगा बोटीवर, मुलगी पोर्तुगाल किंवा इंग्लंडात, मोठ्या घरात एकटी आई. तिची तक्रार छातीत धडधडण्याची असते, ईसीजी ठीक येतो. इथे मुलांचे येणे घडवून आणणे विद्यार्थ्याच्या हातात नाही, पण त्यांच्या तिकडच्या वेळेचा हिशेब करून व्हिडिओ कॉल लावून देणे आहे. खाणपट्ट्यातल्या पुरुषांचा एकटेपणा वेगळा. २०१२ आणि पुन्हा २०१८ मध्ये खाणी थांबल्या आणि ट्रक दारात उभे राहिले तेव्हा उत्पन्नाबरोबर गावातली ओळखही गेली. असा माणूस पोटदुखी आणि दारू घेऊन वॉर्डात येतो. "काम काय करता?" हा केसपेपरवरचा नेहमीचा प्रश्न त्याला लागतो, हे विद्यार्थ्याला ठाऊक असावे.

शेवटच्या घटकेचे विधी आयसीयूत कसे जमवायचे?

घटका येण्याआधी विचारून. तुळशीपत्र आणि गंगाजल तोंडात घालायचे असते. गिळता येत नसेल तर ओठांना थेंब लावता येतो, आणि तो लावू द्यावा. मुसलमान रुग्णाचे घरचे कानाशी कलमा म्हणतात, तोंड किब्ल्याकडे, म्हणजे मक्केच्या दिशेला, असावे असे पाहतात. खाट थोडी वळवायला काही लागत नाही. कॅथलिकांमध्ये रुग्णाला तेल लावण्याचा संस्कार पूर्वी मरणाच्या दारातच होत असे, म्हणून पाद्री आलेला पाहून रुग्ण घाबरतो. १९७२ पासून चर्चने तो गंभीर आजार असलेल्या कुणासाठीही असल्याचे स्पष्ट केले आहे. हे रुग्णाला पाद्रीनेच सांगावे, पण त्यांना वेळेवर बोलावणे आपले काम.

घरी नेऊन मरण येऊ द्यावे अशी इच्छा असेल तर तिला 'सल्ल्याविरुद्ध डिस्चार्ज' म्हणून झिडकारू नये. मॉर्फिन, कॅथेटर आणि एक फोन नंबर देऊन पाठवता येते. कृत्रिम उपायांनी जीव ताणू नये असे आधीच लिहून ठेवण्याला सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मान्यता दिली आणि २०२३ मध्ये ती पद्धत सोपी केली: दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरेसे. गोव्यात २०२४ मध्ये उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती एम. एस. सोनक यांनी स्वतःचे असे पत्र करून सुरुवात केली. विद्यार्थ्यांना एकदा त्या पत्राचा नमुना स्वतःच्या नावाने भरायला द्यावा. वर्ग लगेच शांत होतो.

शिकवायची कोणती पद्धत खरेच चालते?

वरिष्ठांना खाटेजवळ हे करताना पाहणे, याला तोड नाही. जे सर राउंडमध्ये रुग्णाच्या डोळ्यांत न पाहता पुढे जातात, त्यांच्या दहा व्याख्यानांचा काही उपयोग होत नाही.

दुसरे, नाट्यप्रयोग. गोव्यात गावोगावी जत्रेच्या नाटकात काम करणारी माणसे आहेत, तियात्रवाले आहेत. त्यांना रुग्णाची भूमिका द्यावी. मुले एकमेकांत भूमिका वाटून घेतात तेव्हा हसण्यात वेळ जातो, साठीचा एखादा मुरलेला नट "डॉक्टर, मी काय पाप केले?" म्हणून समोर बसला की हसू येत नाही.

तिसरे, हॉस्पिसची भेट. देशातले पहिले हॉस्पिस म्हणजे १९८६ साली मुंबईत सुरू झालेले शांती आवेदना; त्याची शाखा गोव्यातही आहे. एक दिवस बघायला जाण्यापेक्षा आठवडाभर अंग पुसायला, भरवायला जाणे बरे.

आणि एक इशारा. एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांनी १९६० च्या दशकात शिकागोत मरणासन्न रुग्णांना विद्यार्थ्यांसमोर बोलते केले, ते शिकवण्याचे धाडसी काम होते. पुढे त्यातले 'पाच टप्पे' तेवढे पाठ्यपुस्तकात उरले. टप्पे क्रमाने येत नाहीत, अनेकांना सगळे येतही नाहीत. "हा अजून रागाच्या टप्प्यावर आहे" असे विद्यार्थ्याने म्हटले की समजावे, ऐकणे थांबले आहे.

परीक्षा कशी घ्यायची?

ओस्कीमध्ये, म्हणजे एकेका स्टेशनवर जाऊन द्यायच्या प्रात्यक्षिक परीक्षेत, यासाठी एक स्टेशन ठेवावे. गुण याला द्यावेत: बसला का, मोकळा प्रश्न विचारला का, मध्ये न तोडता ऐकले का, स्वतःची श्रद्धा मागे ठेवली का, कुणाला कळवणार ते सांगितले का. अनुभवाच्या वहीला गुण देऊ नयेत. दिले की मुले परीक्षकाला आवडेल असे रडणे लिहितात.

विद्यार्थ्यालाच रडू आले तर?

येऊ द्यावे. रुग्णासमोर डोळे भरले तर चालते, रुग्णाला विद्यार्थ्याची समजूत काढावी लागली तर नाही. मृत्यू झाला त्या दिवशी पाळी संपण्याआधी शिक्षकाने पाच-दहा मिनिटे संबंधित मुलांना घेऊन बसावे. स्वतःच्या घरात अलीकडे मरण झालेल्या विद्यार्थ्याला काही काळ अशा वॉर्डातून सूट द्यावी, त्याने मागण्याची वाट न पाहता.

केसपेपरवर काय लिहायचे?

"रुग्ण घाबरलेला, धीर दिला" ही नोंद कुणाच्याच कामाची नाही. अशी लिहावी: "शस्त्रक्रियेआधी भावाशी बोलायचे आहे, भाऊ फोंड्याला, नंबर पुतण्याकडे. सोमवारी उपास, इन्सुलिनबद्दल निवासी डॉक्टरांना सांगितले. चर्चच्या पाद्रींनी रविवारी यावे अशी इच्छा, वॉर्ड सिस्टरना कळवले." शक्य तिथे रुग्णाचे शब्द जसेच्या तसे, अवतरणात. तुमचा अर्थ त्यात मिसळू नये.

रुग्णाने विश्वासाने सांगितलेले खाजगी काही, जुने प्रकरण, घरातली फसवणूक, ते तपशिलात लिहू नये; केसपेपर अनेकांच्या हातून जातो. "खाजगी काळजी आहे, समुपदेशक भेटावा अशी इच्छा" एवढे पुरे. याला दोन अपवाद विद्यार्थ्याने पक्के लक्षात ठेवावेत: जीव देण्याचा विचार आणि लहान मुलावरचा लैंगिक अत्याचार. यातले काही कानावर आले तर गुप्ततेचे वचन देता येत नाही, दुसऱ्या अपवादाच्या बाबतीत पोक्सो कायद्याने कळवणे बंधनकारक आहे, आणि ते रुग्णालाही तसेच सांगावे. नोंदीखाली विद्यार्थ्याची सही, तारीख, वेळ आणि त्या पाळीच्या निवासी डॉक्टरची किंवा सिस्टरची सही घ्यावी. नाहीतर दुसऱ्या दिवशी दुसरा विद्यार्थी येऊन तेच प्रश्न पुन्हा विचारतो.